अकरा किलो चारशे

डोंगरावरची वाट दुरुस्त करायला दर वर्षी जाणाऱ्या त्या मंडळींचा एक जुना नियम होता. स्वतःची सॅक स्वतः भरायची नाही. प्रत्येकाला एक जोडीदार असायचा आणि जोडीदाराची सॅक जोडीदारानं भरायची. नियम कसा आला ते दर वर्षी पहिल्या चहाला कोणीतरी सांगायचंच. फार पूर्वी एक प्राध्यापक चार दिवसांच्या कामाला पाच जाड पुस्तकं आणि एक दुर्बीण घेऊन आले. रेनकोट आणला नव्हता, कारण निघताना त्यांच्या खिडकीतून लख्ख ऊन दिसत होतं. वर पोचेपर्यंत गारा सुरू. तेव्हा मंडळींचे म्होरके, जे पेशानं पोस्टमन होते, म्हणाले की स्वतःची सॅक भरणारा माणूस आपल्या मनासारखं हवामान धरून चालतो. दुसऱ्याची भरताना तोच माणूस जरा शहाणा असतो.

काडी आणि तिची वहिनी ही त्या मंडळींतली सर्वांत जुनी जोडी. अठरा वर्षं झाली होती. काडी हे अर्थातच तिचं नाव नव्हतं. लहानपणी ती इतकी हडकुळी होती की वहिनी लग्न होऊन घरात आली त्या आठवड्यातच नऊ वर्षांच्या नणंदेला हे नाव चिकटलं, आणि आता शेहेचाळिसाव्या वर्षी, चांगली गोल झाल्यावरही ते निघालं नव्हतं. काडीची नोकरी वजनमापं तपासण्याची. बाजारात फिरायचं, दुकानदारांचे काटे बघायचे, खरे असतील त्यांना शिक्का मारायचा, खोटे असतील ते उचलून आणायचे. तिला लांबून येताना पाहिलं की काही दुकानदार पारड्याखालचा कागद हळूच काढून घेत. ती दिसण्याआधीच ज्यांना तो काढायचं सुचे त्यांच्याकडे ती जास्त वेळ थांबे.

वहिनीनं आयुष्यभर तंबू आणि ताडपत्र्या शिवल्या. मेण लावलेला दोरा, हाताएवढी सुई, आणि एकटीनं उचलायचं ते जड मशीन. दोघींच्या सॅकही तिनंच शिवलेल्या, एकाच हिरव्या कापडाच्या. आता ती बासष्टची होती, कारखाना सोडून दोन वर्षं झाली होती, आणि डाव्या गुडघ्याला पट्टा आला होता.

एकाच इमारतीत राहायच्या दोघी. काडी तळमजल्यावर एकटी, दादा आणि वहिनी तिसऱ्या मजल्यावर. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी काडी वर जायची, वहिनी खाली यायची आणि दोघी एकमेकींची कपाटं उघडून बसायच्या. जिन्यात दोघींची चाहूल लागली की शेजारीपाजारी ओळखायचे, या निघाल्या उद्या.

यंदा मात्र म्होरक्या पोस्टमनांनी घरोघर एक कागद पाठवला होता. गेल्या वर्षी उतरताना एकजण घसरला होता, त्याच्या पाठीवर नको तेवढं ओझं होतं. म्हणून आता साठीच्या पुढच्या माणसाची सॅक त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सहाव्या हिश्शापेक्षा जड नको. वजन लिहायचं, आणि खाली सही करायची जोडीदारानं. ज्यानं सॅक भरली त्यानंच लिहून द्यायचं की या माणसाला हे झेपेल. सही नसेल तर माणूस गाडीत बसणार नाही.

वहिनीचं वजन चोपन्न किलो. सहावा हिस्सा नऊ.

काडी वर गेली तेव्हा दादा गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसला होता. जन्मभर बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिणारा हा माणूस आता हवामानाचा अंदाज मोठ्यानं वाचायचा आणि त्याच्याशी भांडायचा. अंशतः ढगाळ ते पूर्ण ढगाळ, मधूनच ऊन, तुरळक ठिकाणी जोरदार सरी, उंचावर गारठा. म्हणजे यांना काहीच माहीत नाही, असा त्यानं निकाल दिला. काडी म्हणाली की तिथलं खरंच तसंच असतं, सकाळी नाक भाजतं आणि दुपारी त्याच नाकाचा बर्फ होतो. दादा म्हणाला, मग घरी बसा.

तिनं पलंगावर चादर पसरली आणि एकेक वस्तू काढून मांडायला सुरुवात केली. हातात यादी होती. पहिल्या वर्षी वहिनीनं स्वतःच्या हातानं लिहून दिलेली, घड्यांवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. काडीला ती पाठ होती, पण कागद हातात धरल्याशिवाय सॅक भरल्यासारखं वाटत नसे. अंगालगतचे पातळ लोकरीचे कपडे, दोन जोड. सुती काही नको, भिजलं की वाळत नाही. त्यावर जाड स्वेटर. त्यावर नारिंगी रेनकोट. रेनकोटच्या उजव्या खांद्यावर काळं ठिगळ होतं, तिसऱ्या वर्षीचं. वहिनी काटेरी झुडपात अडकली होती आणि तिथंच, वाऱ्यात, रेनकोट अंगात असतानाच तिनं काडीकडून तो शिवून घेतला होता. टाके वेडेवाकडे होते. आपल्या कारखान्यात असे टाके घालणाऱ्या बाईला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं नसतं, असं वहिनी तेव्हा म्हणाली होती, पण नंतर तिनं ते कधी उसवलंही नाही.

मग हातमोजे, एकाचा अंगठा स्टोव्हवर जळालेला. शिट्टी. ही सातव्या वर्षीची, धुकं उतरलं तेव्हाची. दोन हातांवरचा माणूस दिसत नव्हता, आणि दोघी दगड रचायच्या कामावरून तंबूपर्यंत शिट्ट्या मारत, मोजून पावलं टाकत परत आल्या होत्या. मग ॲल्युमिनियमचं पातेलं. त्याच्या बुडाला बारीक बारीक खळगे होते. गारा सुरू झाल्या तेव्हा वहिनीनं ते काडीच्या डोक्यावर पालथं घातलं होतं आणि स्वतः ताडपत्रीचं टोक धरून उभी राहिली होती. आत इतका आवाज होत होता की काडी हसत होती की रडत होती हे तिचं तिलाच कळलं नव्हतं.

यादीप्रमाणे सगळं भरून झालं. प्रत्येक कपडा प्लास्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढलेली. सगळ्यात वर रेनकोट, कारण तो शोधायला लागतो तेव्हा वेळ नसतो. गुडघ्याचा पट्टा यादीत नव्हता, तोही घातला. मग तिनं आपला आकड्याचा काटा दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवला आणि सॅक लावली.

अकरा किलो चारशे.

तिनं सॅक उतरवली. काट्याला एकेक लिटर पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या लावल्या, रिकाम्या बाटल्यांचं वजन वजा केलं. दोन किलो, बरोबर. काटा खरा होता. पुन्हा सॅक लावली. पुन्हा अकरा किलो चारशे.

आता दोन किलो चारशे ग्रॅम कुठून काढायचे ते ती बघू लागली. दुसरा स्वेटर काढला आणि रात्रीचा गारठा आठवून परत घातला. टॉर्च काढला, सेलसकट जेमतेम दोनशे, तोही परत ठेवला. पट्टा तर काढता येत नव्हताच. जुन्या वहिनीची सॅक भरायची असती तर अर्धे कपडे तिनं बिनदिक्कत काढले असते. त्या वहिनीला थंडी वाजायची नाही. बासष्टच्या वहिनीचं काय, हे तिला नक्की माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे तिला आत्ता, हातात स्वेटर धरून, पहिल्यांदाच कळलं.

दादा दारात येऊन उभा राहिला. काट्यावरचा आकडा त्यानं चष्मा वर करून वाचला. तो बोलला ते नेहमीच्या खेकसण्यापेक्षा हळू होतं. गेले दोन महिने, काडी कामावर गेली की, वहिनी तांदळाचा डबा पाठीला बांधून जिना चढते-उतरते. शेजारणीला तिनं सांगितलंय की डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी अगदी उलट सांगितलंय.

"तिला वर जायचंय, काडे," तो म्हणाला. "मला कशाला, तुला पण ती हे सांगणार नाही. पण ह्या वर्षी नाही गेली ना, तर ती पुन्हा कधी जाणार नाही. मी ओळखतो तिला."

तेवढ्यात वहिनी वर आली, काडीची भरलेली सॅक एका खांद्यावर टाकून. ती तिनं दाराशी ठेवली, काट्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि काय भानगड आहे ते तिला लगेच समजलं. काडीनं आकडा सांगितला. वहिनी पलंगाच्या कडेला बसली.

"नऊ लिही," ती म्हणाली.

काडीनं कागद बाजूला सरकवला.

"अख्ख्या बाजाराचे काटे तपासतेस. एकदा घरच्यासाठी डोळा मिटलास तर कुठं आभाळ कोसळणार आहे?"

काडी म्हणाली की लिहिता येईल, पण डोंगराला वाचता येत नाही. गेल्या वर्षी घसरलेल्या माणसाचा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. वहिनी म्हणाली की तो माणूस सपाट रस्त्यावरही पडतो, त्याचं सोड. मग ती उठली, अकरा किलो चारशेची सॅक तिनं खिळ्यावरून काढली, पट्टे खांद्यावर चढवले आणि बूट घातले. खाली जाऊन वर येते, म्हणाली. न थांबता आले तर सही करायची. बोल.

काडीनं मान डोलावली.

चोपन्न पायऱ्या होत्या. उतरतानाचे आवाज ठाकठीक होते, एकसारखे. दादा गॅलरीत जाऊन पाठ करून उभा राहिला. खोलीत काडीच्या हाताला काही काम नव्हतं. हात रिकामा असला की जे करायची सवय होती तेच तिनं केलं. मोकळ्या काट्याला समोरची दुसरी सॅक लावली. स्वतःची.

चढतानाचे आवाज सुरू झाले. पहिला मजला. काटा हलायचा थांबला.

सहा किलो आठशे.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पावलं थांबली.

काडी काट्याकडे बघत राहिली. हिरवी सॅक, तेच कापड, तेच चार दिवस, तीच थंडी. खाली कोणीतरी श्वास घेत होतं. कठडा जरासा करकरला. मग पावलं पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा सावकाश.

वहिनी दारात आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती हसत होती.

"बुटाची नाडी सुटली होती," ती म्हणाली.

काडीनं तिच्या पाठीवरून सॅक उतरवून घेतली. विचारलं, माझ्या सॅकेत सगळं भरलंस? वहिनी म्हणाली, सगळं. कपडे, रेनकोट, तंबूचं कापड, आणि तू नको म्हणतेस ती मोज्यांची तिसरी जोडीसुद्धा, परतीच्या वाटेवर माझे पाय धरशील. काडीनं पलंगावरून यादी उचलली. अठरा वर्षं ती ज्या कागदावर बोट ठेवून सॅक भरत आली होती तो कागद तिनं आज पहिल्यांदा वाचला. तंबूचं कापड काडीकडे, काठ्या आणि खुंट्या माझ्याकडे. हे तिला नेहमी अर्धं-अर्धं वाटायचं. कापड चारशे ग्रॅमचं होतं. काठ्या आणि खुंट्या एक किलो चारशे. त्याच्या खाली दोर, नऊशे ग्रॅम. स्टोव्ह आणि गॅसची डबी, सातशे. पातेलं साडेतीनशे. औषधांची डबी अडीचशे. दोघींच्या सगळ्या वस्तू एकीच्या यादीत. तिनं मनातल्या मनात बेरीज केली. तीन किलो सहाशे.

"ही यादी तू लिहिलीस," ती म्हणाली.

वहिनी बुटाच्या नाड्या सोडत होती, वर न बघता म्हणाली, "तू तेव्हा त्रेचाळीस किलोची होतीस."

ते खरं होतं. त्या वर्षी काडीला टायफॉईड झाला होता, मग बरा होऊन पुन्हा उलटला होता. तीन महिने ती अंथरुणात होती. नोकरीची परीक्षा हुकली होती, आणि बरी झाल्यावरही ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. अठ्ठावीस वर्षांची मुलगी, आणि तिला आंघोळीला उठवायलाही कोणीतरी लागायचं. त्याच सुमारास कारखान्यात या मंडळींचे तंबू शिवायला आले होते. वहिनीनं तंबूबरोबर दोन नावंही पाठवली. घरात सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. ती काडीला म्हणाली होती, तू फक्त तुझे कपडे उचल, बाकी माझ्यावर सोड. वरच्या पहिल्या सकाळी पावसातून अचानक ऊन पडलं, समोरचा अख्खा डोंगर वाफाळायला लागला, आणि काडीला तीन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. ते तिला लख्ख आठवत होतं. पाठीवर ओझं किती होतं ते मात्र आठवत नव्हतं. आठवायला ते नव्हतंच.

"ते त्या वर्षी," काडी म्हणाली. "आणि नंतरची सतरा?"

"नंतर कोणी विचारलं नाही."

दादा गॅलरीतून म्हणाला की सरकारी वजनमाप अधिकारी बाई स्वतःच्या घरात अठरा वर्षं आंधळ्या, ही बातमी वर्तमानपत्रात द्यायला हवी, हवामानाच्या शेजारी. दोघींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

काडी म्हणाली, आता ते तीन किलो सहाशे माझ्या सॅकेत टाक. वहिनी म्हणाली, काही नको, तुझ्यानं होणार नाही. मग काडीला वाद घालायचा कंटाळा आला. ती आत गेली, न्हाणीघराच्या कोपऱ्यातला वजनाचा काटा घेऊन आली, खोलीच्या मधोमध ठेवला आणि चप्पल काढून त्यावर उभी राहिली.

"वाच."

वहिनी वाकली. आकडा त्रेसष्ट होता. ती बराच वेळ वाकलेली राहिली, जणू काट्यावर आणखी काही लिहिलेलं होतं. मग तिनं मान वर करून काडीकडे पाहिलं, आधी पायांकडे, मग दंडांकडे, मग तोंडाकडे, बाजारात एखादी ओळखीची बाई दिसावी आणि नक्की कोण ते आठवू नये तसं.

"त्रेसष्टचा सहावा हिस्सा साडेदहा," काडी म्हणाली. "माझी होईल दहा किलो चारशे. तुझी सात किलो आठशे. मी खोटं काही लिहिणार नाही, वहिनी. पण खरं लिहिता येण्यासारखं तरी कर."

"तुझी सॅक मी भरते," वहिनी म्हणाली. "नियम आहे."

"म्हणून तर तुला सांगतेय. मला हात लावता येत नाही."

वहिनीनं आपल्या सॅकेतून दोर काढला आणि काडीच्या सॅकेच्या तळाशी नीट गुंडाळून ठेवला. स्टोव्ह ठेवला. औषधांची डबी बाजूच्या खिशात सरकवली. काठ्या उभ्या खोचताना ती आपल्याच जुन्या शिवणीवरून बोट फिरवत होती, धरतील की नाही ते बघत. पातेल्यापाशी मात्र तिचा हात अडला. ते तिनं मांडीवर घेतलं, बुडाचे खळगे चाचपले.

"हे राहू दे ना माझ्याकडे," ती म्हणाली. "साडेतीनशेच तर आहे."

काडीनं हिशेब केला. आठ किलो एकशे पन्नास. चालणार होतं. ती म्हणाली, राहू दे.

वहिनी पुन्हा जिना उतरली. ह्या वेळी दादा गॅलरीत गेला नाही, दारातच उभा राहिला आणि डेपोतल्यासारखं घड्याळ बघत राहिला. पावलं खाली गेली, वर आली, पहिला मजला, मग दुसऱ्याचं वळण. कठडा करकरला, पण पावलं चालू राहिली. सावकाश होती, डाव्या पायाशी जरा आखडत होती, पण थांबली नाहीत. वहिनी आत येऊन उभी राहिली आणि या वेळी हसली नाही, नुसता श्वास घेतला.

काडीनं कागदावर वजन लिहिलं, आठ किलो एकशे पन्नास, आणि खाली सही केली, दुकानदारांच्या दाखल्यावर करायची तशी, पूर्ण नावानिशी. मग तिनं जुनी यादी उलटी केली. मागची बाजू कोरी होती, चिकटपट्टीपुरती सोडून. पेन हातात होतंच.

"रात्री थंडी वाजते का तुला?"

वहिनी बुटाच्या नाड्या सोडता सोडता थांबली.

"सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "पाय. नुसते बर्फ होतात."

काडीनं लिहिलं: जाड मोजे, तिसरी जोडी. आपल्या सॅकेतून ती काढायला हात पुढे केला, मग नियम आठवून मागे घेतला. वहिनीनं न सांगता ती जोडी काढून दिली. काडीनं ती वहिनीच्या सॅकेत, रेनकोटच्या खाली, हाताला पटकन लागेल अशी ठेवली. मोज्यांची जोडी एकशेवीस ग्रॅमची होती. कागदावरचं वजन तिनं खोडून आठ किलो दोनशे सत्तर केलं आणि खोडलेल्या जागी पुन्हा छोटी सही केली.

खाली आपल्या घरी जायला निघताना तिनं स्वतःची सॅक उचलली. खांद्यांना एकदम कळलं. वहिनी दारातून बघत होती, म्हणून ती ताठ चालत जिन्याकडे गेली आणि झपाझप उतरू लागली. पट्टे खांद्यांत रुतत होते, काठ्यांचं टोक कानाशी टोचत होतं, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, अगदी त्याच ठिकाणी, तिला सॅक कठड्यावर टेकवून उभं राहावं लागलं.

वरून आवाज आला.

"काडे, थांबलीस का गं?"

"नाडी सुटली," काडी म्हणाली.

मग वहिनीचं हसू आधी आलं आणि शब्द मागून.

"चपलेला?"